शिल्लक कुणाची?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत पालकसभा होती आणि मुख्याध्यापक या नात्याने मला ‘बचतीचे महत्त्व’ या विषयावर बोलायचे होते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ने मी सुरुवात केली. सभेला कानडी पालकही होते. त्यांच्यासाठी ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असे म्हटले. आपण ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ म्हणतो, त्याचीच ही कानडी जुळी बहीण. दोन्ही बाजूंनी माना डोलल्या, टाळ्याही पडल्या. भाषण चांगले झाले या समाधानात मी खोलीत येऊन बसलो.

थोड्या वेळाने शाळेत मध्यान्ह जेवण रांधणाऱ्या अक्का दाराशी आल्या. मी बसायला सांगितले, तरी त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “सर, तुमी सांगितलासा ते समदं खरं. पर डब्यात पैसं वाजलं की भाऊ येतोय. भाऊ न्हाई आला तर दीर येतोय. देत न्हाई म्हनायचं कसं? उद्या माझ्यावर वेळ आली तर मला त्यांच्याच दारात जायचं हाय न्हवं?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण खरे सांगायचे तर मी निरुत्तर झालो होतो. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज मी तीस वर्षे शिकवत आलो. परंतु ज्या माणसाला चार पैसे बाजूला टाकण्यासाठी आधी सख्ख्या भावाला नाही म्हणावे लागते, त्याने काय करावे, याचे उत्तर गणिताच्या पुस्तकात नसते. हा प्रश्न नीतीचा आहे. आपण वाचवलेला पैसा खरोखर आपलाच असतो का?

हा प्रश्न माझ्या घरात फार पूर्वी येऊन गेला होता. वडील शहापूर-वडगावच्या मागांवर कामाला. पगार आठवड्याचा, तोही मालाला उठाव असेल तर. आई भात घालताना दर वेळी एक मूठ तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकी, आणि बाजारातून उरलेली नाणी हिंगाच्या रिकाम्या डबीत. 1984 साली मी एस.एस.एल.सी. झालो, तेव्हा त्या डबीतून निघून पत्र्याच्या पेटीत गेलेले 340 रुपये तिच्याजवळ होते. ते माझ्या पी.यू.सी.च्या प्रवेशासाठी होते.

प्रवेशाला चार दिवस उरले असताना शेजारच्या कानडी अव्वांच्या मुलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स. ऑपरेशन ताबडतोब करायला हवे होते. अव्वा आमच्या उंबऱ्यावर येऊन नुसत्या बसल्या, काही मागितले नाही. आईने पेटी उघडून तीनशे रुपये त्यांच्या ओटीत टाकले. मुलगा वाचला. मी मात्र ते वर्ष मागाच्या शेडमध्ये कांड्या भरण्यात घालवले.

मी आईवर चिडलो होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. एकदा तिला विचारलेही, “ते पैसे माझ्यासाठी ठेवले होतेस ना?” ती म्हणाली, “तुझ्यासाठीच. पण ते आपल्याकडे आहेत हे तिला ठाऊक होतं रे. नाही कसं म्हणू?” अव्वांनी आठवड्याला दहा याप्रमाणे तीस आठवड्यांत सगळे पैसे फेडले. पुढच्या जूनमध्ये त्याच नोटांनी माझा प्रवेश झाला.

आईचे चुकले का? वर्ष भरून आले, जीव भरून आला नसता, तेव्हा चुकले नाही असे म्हणता येईल. पण दरवेळी समोर अपेंडिक्सच असते असे नाही. कधी बारशाचा मांडव असतो, कधी मोटारसायकलचा हप्ता, कधी नुसती दारू. उंबऱ्यावर बसलेल्या प्रत्येकाला पेटी उघडत गेले तर त्या घरातला मुलगा कायम कांड्याच भरत राहील. आईला हे कळले असावे. कारण पुढे तिने गल्लीतल्या बायकांच्या भिशीत नाव घातले. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी वीस रुपये, ज्या महिन्यात चिठ्ठी निघेल त्या महिन्यात 240 हातात. व्याज नाही, नफा नाही. मला बरीच वर्षे वाटे की यात मिळवले काय? मिळवले ते असे, की कुणी मागायला आले तर “भिशीत अडकलेत हो” असे तिला खरे सांगता येऊ लागले. हिंगाची डबी मात्र तिने मोडली नाही. तिच्यात थोडे पैसे असत आणि ते मागणाऱ्यासाठीच असत.

आपल्या जिल्ह्यात दोन भाषा कानावर पडतात, त्याचा एक फायदा असा की एक भाषा दुसरीचा अर्थ उजळून देते. बचतीला कानडीत ‘उळिताय’ म्हणतात. ‘उळि’ म्हणजे उरणे, टिकणे, जिवंत राहणे. आपल्या ‘बचत’ या शब्दातही ‘बचावणे’ आहेच. म्हणजे दोन्ही भाषांना बचतीत जगण्यावाचण्याची गोष्ट दिसली. श्रीमंताला बचत वाढवते, गरिबाला ती वाचवते. श्रीमंताचे दारही बंद असते, तो किती साठवतो ते शेजाऱ्याला कळत नाही. गरिबाच्या चाळीत पेटीचा आवाज भिंतीपलीकडे जातो.

म्हणूनच ज्यांनी या भागातल्या गरिबांचा पैसा खऱ्या अर्थाने जाणला, त्यांनी उपदेशापेक्षा व्यवस्था उभी केली. गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात 1905 साली सिद्धनगौडा पाटील यांनी सहकारी पतसंस्था काढली. ती भारतातली पहिली कृषी पतसंस्था मानली जाते. उडुपीला 1925 साली हातमाग विणकरांना आधार म्हणून एक छोटी पेढी निघाली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. 1928 पासून त्या पेढीची माणसे घरोघर जाऊन रोज दोन आण्यांइतकी लहान रक्कमही गोळा करू लागली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. टी. एम. ए. पै हे पेशाने वैद्य. दोन आणे संध्याकाळपर्यंत घरात राहिले तर ते घरात राहत नाहीत, हे या मंडळींनी ओळखले होते. ती बँक 2020 साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण ‘पिग्मी’ हा शब्द आपल्या गल्लीबोळांत अजून रोज सायकलवरून फिरतो आहे.

अक्कांच्या प्रश्नाला मी आठवड्याभराने उत्तर दिले. चार साध्या गोष्टी सांगितल्या. पहिली, महिनाअखेरीस उरेल ते टाकायचे असे ठरवू नका, कारण काही उरत नसते. मानधन हातात पडेल त्याच दिवशी बाजूला काढा. दुसरी, ते घरात ठेवू नका. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते. तिसरी, जादा व्याजाच्या मोहाने कुठेही पैसे भरू नका. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. टाळे लागलेल्या एका पतसंस्थेच्या दारात रडणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. चौथी, शेकडा पाच दराने महिन्याच्या व्याजाचे कर्ज घेऊ नका. दहा हजारांवर महिना पाचशे, वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी उभे असते.

आणि पाचवी गोष्ट आईची. एक डबी मागणाऱ्यांसाठी ठेवा. तिच्यात किती टाकायचे ते मागणारा यायच्या आधी तुम्ही ठरवा. असेल तोवर मनापासून द्या, संपली की संपली म्हणा. मला वाटते, प्रश्नाचे मर्म इथे आहे. शिल्लक पूर्णपणे आपली नसते. ज्यांच्या आधाराने आपण तगलो त्यांचा तिच्यात वाटा असतोच. पण सगळी शिल्लक त्यांचीही नसते, कारण तिच्यात आपल्या मुलाचे एक वर्ष असते. वाटा किती, हे उंबऱ्यावर रडे ऐकत ठरवता येत नाही. ते शांतपणी ठरवावे लागते. न ठरवता देणे हा भिडस्तपणा, अजिबात न देणे हा कद्रूपणा. काटकसरीची वाट या दोहोंच्या मधून जाते.

एक कबुली मात्र दिली पाहिजे. ज्याच्या अंथरुणाला लांबीच नाही, त्याला पाय आखडायला सांगणे हा शहाणपणा नव्हे. दिवसभर चुलीपुढे राबणाऱ्या बाईला पुरेसे मानधन मिळत नसेल तर तो दोष तिच्या काटकसरीचा नाही. बचतीचा उपदेश हा न्याय्य मजुरीला पर्याय होऊ शकत नाही. हे त्या सभेत व्यासपीठावरून मी बोलायला हवे होते. बोललो नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा अक्कांनी पोस्टाचे पासबुक आणून दाखवले. दिवाळीआधी भाऊ पाच हजार मागायला आला होता. डबीत सातशे होते. त्यांनी सातशे दिले आणि बाकीचे पोस्टात अडकलेत म्हणून सांगितले.

मी विचारले, “भाऊ रागावला असेल?”

“रागावला वाईच,” त्या म्हणाल्या. “पर भाऊबीजेला आला सर. ताटात शंभर घालून गेला. ते परत डबीत टाकलंय.”