पाणी निवळलं, चिखलाचं काय?

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे 800 टन तेल सांडलं. उरण, घारापुरीच्या तिवरांना काळा लेप बसला. मासळी घ्यायला लोक बिचकू लागले. पुढे पाणी निवळलं आणि विषय मिटला. शिरढोणसारख्या, खाडीपासून थोड्या आत असलेल्या गावांत तर तो आज कुणाच्या बोलण्यातही नसतो. खाडीच्या चिखलात मात्र असा विषय इतक्या लवकर मिटत नाही.

तिवरांखाली हात घालून चिखल उकरा. वरचा पातळ थर तपकिरी, खालचा काळाशार, कुजक्या अंड्याच्या वासाचा. वर हवा असते, तिथले जिवाणू तेल भराभर मोडतात. खाली प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात. तो वास त्यांच्याच कामाचा. तेही तेल खातात, पण अतिशय सावकाश. खाली हवा नेतात ती खेकड्यांची बिळं, आणि तेलाने खेकडेच मरतात. म्हणजे तेल मोडण्याची वाट तेलच बुजवतं.

अमेरिकेत वेस्ट फालमथच्या खाजणात 1969 साली बार्जमधलं तेल शिरलं. तीस वर्षांनंतरही ते चिखलात सापडलं. तिथले खेकडे बीळ उकरताना त्या थराशी आले की वळत होते.

‘तेल खाणारे जिवाणू आहेत ना?’ असं विचारलं जातं. आहेत, ‘टेरी’ या संशोधन संस्थेने तर त्यांचंच ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण बनवलं. पण तेल आलं की हेच जिवाणू माजतात, नत्र-स्फुरद ओढून घेतात आणि जिवाणूंच्या नाजूक जातींना जागा उरत नाही. पानगळ कुजवणं, नत्राचं चक्र फिरतं ठेवणं ही कामं मंदावू शकतात. चिंबोरी, कोळंबी यांची अन्नसाखळी याच कामांवर उभी असते. तेव्हा तेल कमी झालं म्हणजे चिखल बरा झाला, हे मला पटत नाही.

शिवाय तेल फक्त जहाजांतून येत नाही. पळस्प्यासारख्या महामार्गावरच्या नाक्यांवर ट्रकांचं जळकं ऑइल रस्त्यावर सांडतं, पावसात वाहून ओढ्यांना मिळतं. त्याची बातमी होत नाही.

म्हणून ठरलेल्या जागांवरून, हातभर खोलीपर्यंतचा चिखल दर काही वर्षांनी काढून तपासायला हवा, तेलासाठी आणि जिवाणूंसाठीही. आकडे कोळीवाड्यांत लावावेत. कोळ्यांची भरपाईही मासेमारी बुडालेल्या दिवसांवर थांबू नये. पुढची जितकी वर्षं खाडी कमी देईल, तितकी धरावी.