प्रत्येक प्रत मूळच

मुद्राचित्राच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, चित्रकार पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहितो: 3/20. एका ठशावरून वीस कागद काढले, त्यांतला हा तिसरा. उजवीकडे सही. या तिसऱ्या कागदाला कलेच्या व्यवहारात कुणी नक्कल म्हणत नाही, विसाव्यालाही म्हणत नाही. कोरलेला ठोकळा किंवा जस्ताचा पत्रा म्हणजे चित्र नव्हे, ते साधन. चित्र जन्मतं कागदावर, आणि जितके कागद तितकी मूळ चित्रं.

हा नियम समजला तेव्हा माझ्या मनातली एक जुनी सल वर आली. आमचं घर मूळचं अमळनेरकडचं. वडील प्रेसमध्ये लागले म्हणून आम्ही नाशिकरोडला आलो. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की तिकिटांची नाहीतर नोटांची सरकारी प्रेस, हे सांगावं लागत नाही. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. सुट्टीत गावी गेलो की चुलत भावंडं म्हणायची, तुमची अहिराणी खरी नाही, नाशिकची आहे. इकडे वर्गात बोलण्यातला हेल ऐकून मुलं ‘खानदेशी’ म्हणून हाक मारायची. दोन्हीकडे आम्ही कशाची तरी फिकी उतरलेली प्रत. स्थलांतर केलेल्या घरातल्या दुसऱ्या पिढीला हे चांगलं ठाऊक असतं. मग ते घर धुळ्याहून नाशिकला आलेलं असो, नाहीतर नाशिकहून न्यू जर्सीला गेलेलं.

ही सल एका चुकीच्या समजुतीतून येते, असं आता मला वाटतं. संस्कृतीची एक अस्सल प्रत मूळ गावी जपून ठेवलेली आहे आणि बाहेर पडलेल्यांकडे असतात त्या तिच्या नकला, अशी ही समजूत. आपल्याकडच्या छपाईचा इतिहास पाहिला तर तिला कुठेच आधार सापडत नाही.

दादासाहेब फाळके 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि 1944 मध्ये नाशिकला वारले. सिनेमाच्या आधी ते छपाईचे माणूस होते. राजा रविवर्मा यांच्या नावाच्या, लोणावळ्याजवळ मळवलीला असलेल्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछपाईचं काम केलं, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि 1909 मध्ये नवं तंत्र पाहायला ते जर्मनीला गेले. रविवर्मा छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत होत्या. त्या कुठून आल्या? चित्रकार केरळातल्या किळिमानूरचा. छापखाना मावळातला. शिळाछपाई शोधली अलोईस सेनेफेल्डरने, 1796 च्या सुमारास, बव्हेरियात. त्या कामाचा उत्तम दगडही बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींतला. पुढे हा छापखाना ज्याने विकत घेतला तो फ्रिट्झ श्लायशरही जर्मन तंत्रज्ञ. एका रंगाला एक दगड, आणि तोच कागद एकामागून एक अशा अनेक दगडांवर दाबायचा. कागद केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जायचा. छापखान्यात याला रजिस्टर जुळणं म्हणतात. सगळे रंग आपापल्या जागी बसले की दगड कुठून आला हे कुणी विचारत नाही. त्या लक्ष्मीपुढे आपल्या घरांतून हळदकुंकू वाहिलं गेलं, निरांजन ओवाळलं गेलं. तिला परकी कोण म्हणेल?

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. 1874 मध्ये पुण्यात एक सचित्र हगादा छापला गेला. वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू घरांत जे वाचतात, ते हे पुस्तक. मजकूर हिब्रू आणि मराठी. तयार करणारे मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर हे बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले, तर छापणारे विठ्ठल सखाराम अग्निहोत्री. तळकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांची. गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं हा समाज सांगतो. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. या हगाद्यातल्या एका चित्रात सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आहेत. त्या लुगडी नेसलेल्या आहेत आणि आपल्याकडच्या बायका बसतात तशा खाली बसून काम करताहेत. गोष्ट मिसरमधून सुटकेची, हजारो वर्षांपूर्वीची. हात मात्र कोकणातले. चित्र काढणाऱ्याने यरुशलेमच्या बायका कल्पनेने रंगवल्या नाहीत, आपल्या आजूबाजूच्या बायका काढल्या. म्हणून त्या पुस्तकाचा ज्यूपणा कमी झाला का? ते त्या समाजाचं झालं, इतकंच. पुढे हाच समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला आणि तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

आपल्या काळात सुटलेल्या घराचा हा विषय ठशात कोरणारी चित्रकार म्हणजे झरीना. जन्म 1937, अलिगढ. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे लोक पाकिस्तानात गेले. ती बँकॉक, पॅरिस, टोकियो अशी फिरत न्यूयॉर्कला राहिली. 1999 मध्ये तिने ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हा 36 काष्ठठशांचा संच केला. घर, उंबरठा, अंगण अशा एकेका शब्दासाठी एकेक ठसा, आणि शब्द उर्दूत लिहिलेला. हातून सुटलेलं अंगण तिने चार-दोन रेषांत पुन्हा उभं केलं. त्या संचाच्या अनेक प्रती आज वेगवेगळ्या संग्रहांत आहेत. अलिगढचं अंगण त्यांतल्या प्रत्येक प्रतीत सारखंच खरं आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक प्रत मूळ म्हटली तर काहीही चालेल का? हेल गेला, शब्द गेले, सण गेले, तरी आम्ही मूळच? याचंही उत्तर ठसाच देतो. लिनोच्या कोरलेल्या तुकड्यावर शाईचा रूळ फिरवला की बारीक चरचर ऐकू येते. तो आवाज बरोबर आला की शाई पुरेशी लागली असं समजायचं. मग कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासत जायचं आणि एक कोपरा धरून अलगद उचलायचा. दुसऱ्या कागदासाठी हे सगळं पहिल्यापासून. मागच्या खेपेची शाई पुढच्या कागदाला पुरत नाही. आईची अहिराणी माझ्या मुलीपर्यंत अशी आपोआप येणार नव्हती. ती मला रोज बोलावी लागली, आणि जिथे मी आळस केला तिथे ती उमटली नाही. वारसा नाहीसा होतो तो दुसऱ्या रंगात मिसळल्यामुळे नव्हे. ठसा कपाटात ठेवून दिला, म्हणून नाहीसा होतो. मिसळण्याची भीती बाळगणाऱ्यांनी या आळसाची जास्त भीती बाळगायला हवी.

देशाचे पासपोर्ट नाशिकच्या प्रेसमध्ये छापले जातात. एकाच छपाईतून निघालेल्या त्या पुस्तिका, पण प्रत्येकीचा क्रमांक वेगळा आणि प्रत्येक अस्सल. त्या घेऊन माणसं जगभर जातात. त्याच शहरात रामकुंडाजवळ तीर्थपुरोहितांच्या जुन्या वह्या आहेत. वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा गुरुजींनी आडनाव आणि गाव विचारलं, एक लांबट वही काढली आणि पान उघडून पुढे ठेवलं. पणजोबांची नोंद मोडीत, आजोबांची बाळबोधीत, आणि खाली वडिलांच्या हातची, बॉलपेनने: मूळ गाव अमळनेर, हल्ली मुक्काम नाशिकरोड.

मूळ गाव आणि हल्ली मुक्काम. दोन्ही एकाच ओळीत, आणि यातलं खरं कोणतं असं त्या वहीने आमच्या घराला कधी विचारलेलं नाही. तुमच्याही घराण्याची नोंद कुठल्यातरी क्षेत्री असेल. मुलांना घेऊन जा आणि ती शोधा. मुलं जिथे राहत असतील तिथला मुक्काम त्यांना त्यांच्याच अक्षरात, जी लिपी येत असेल त्या लिपीत, खाली लिहू द्या.