अजाणता घडलेले पाप

ज्या कृत्यामागे हेतूच नव्हता, त्याचे पाप कर्त्याला लागते का? मनुस्मृतीचा अकरावा अध्याय अजाणता केलेल्या पापाला वेदाध्ययनाने शुद्धी सांगतो. जाणूनबुजून केलेल्याला निरनिराळी प्रायश्चित्ते घ्यावी लागतात. म्हणजे हेतू नसला तर दोष हलका होतो, पण पुसला जात नाही.

पुराणकथा याहून कठोर आहेत. भागवताच्या दहाव्या स्कंधातल्या नृग राजाने असंख्य गाई दान दिल्या. त्यातली एक नकळत परत त्याच्या कळपात शिरली आणि राजाने ती दुसऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकली. एवढ्याने त्याला सरड्याचा जन्म आला. रामायणात दशरथाने पाणी भरण्याचा आवाज ऐकला आणि हत्ती समजून बाण सोडला, तो तपस्व्याच्या मुलाला लागला. (श्रावण हे नाव लोकपरंपरेतले, वाल्मीकींनी मुलाला नाव दिलेले नाही.) हे अजाणता घडले म्हणूनच तू जिवंत आहेस, असे मुलाचा पिता दशरथाला सांगतो, तरीही पुत्रशोकाचा शाप द्यायचे तो सोडत नाही.

बौद्धांनी प्रश्न मुळापासूनच बदलला. अंगुत्तरनिकायात बुद्ध चेतनेलाच, म्हणजे संकल्पालाच, कर्म म्हणतात. धम्मपदाच्या अट्ठकथेतले आंधळे चक्खुपाल थेर चंक्रमण करत (येरझारा घालत) असताना त्यांच्या पायाखाली किडे मेले. मारण्याची चेतना नव्हती म्हणून बुद्धांनी त्यांना निर्दोष ठरवले. विनयपिटकातला एक प्रसंग मात्र या निवाड्याला मुरड घालतो. कापडाने झाकलेल्या आसनावर एक भिक्षू बसला. कापडाखाली लहान मूल होते, ते मेले. हत्येसाठी असलेला पाराजिक दोष त्याला लागला नाही, पण न पाहता आसनावर बसणाऱ्याला दुक्कट नावाचा सौम्य दोष लागेल, असा नियम बुद्धांनी केला.

जैनांविषयी एक गैरसमज रूढ आहे: त्यांच्या मते जीव मेला की हिंसा झाली, मनात काहीही असो. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तातही निगंठांची, म्हणजे जैनांची, बाजू कायिक कृत्य सर्वांत गंभीर मानणारी दाखवली आहे. पण त्याच सुत्तात, निगंठ नातपुत्त (महावीर) अहेतुक हिंसेला मोठा दोष मानत नाहीत, असेही त्यांचा अनुयायी उपाली याच्या तोंडून येते. जैन ग्रंथांची भूमिका याहून बारीक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या व्याख्येत हिंसा म्हणजे प्रमादामुळे झालेला प्राणघात. कुंदकुंदांचे प्रवचनसार आणखी पुढे जाते: जीव मरो वा जगो, बेसावधपणे वागणाऱ्याला हिंसा लागतेच, सावधपणे चालणाऱ्या साधूच्या पायाखाली एखादा जीव मेला, तरी त्याला त्याचा कर्मबंध नाही. चार हात पुढची जमीन पाहत चालण्याची ईर्यासमिती याच विचारातून येते. या सर्वांत हेच उत्तर अधिक पटणारे आहे, कारण ‘मुद्दाम केले नाही’ एवढ्यावर ते कोणाला सोडत नाही आणि योगायोगाचा भार कोणाच्या माथी मारतही नाही.

आजच्या कायद्याची कसोटी याच्या जवळ जाते. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १८ नुसार अपघाताने घडलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, पण ते कायदेशीर, गुन्हेगारी हेतूविना आणि योग्य काळजी घेऊन केलेले असावे लागते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होते. कलम २८१ तर कुंदकुंदांच्या निकषाला भिडते: माणसाचा जीव धोक्यात येईल अशा बेदरकारपणे रस्त्यावर गाडी चालवली, तर कोणाला खरचटले नसले तरी शिक्षा होऊ शकते.