वास्तूचा आजन्म जमाखर्च

एखादी इमारत उभी राहते तेव्हा तिच्यावर किती रुपये पडले, किती चौरस फूट जागा हाती आली आणि किती महिन्यांत काम पुरे झाले, याचा हिशेब आपण पैपैशाने ठेवतो; परंतु त्याच इमारतीसाठी कोणता डोंगर फोडला गेला, कोणत्या नदीचे पात्र उपसले गेले, भट्टीत किती कोळसा जळाला आणि पुढे ती पाडली जाईल तेव्हा तिचे अवशेष कोणाच्या शेताशेजारी जाऊन पडतील, या प्रश्नांना आपल्या दफ्तरात अद्याप रकानाच नाही. ज्या खातेवहीत केवळ जमा लिहिली जाते आणि खर्चाची बाजू कोरी ठेवली जाते, ती कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असली तरी तिच्यावर विसंबून कारभार करणारा मनुष्य अखेरीस दिवाळखोरीत निघतो. आणि आपली वाढती नगरे आज नेमकी अशाच वहीवर विसंबून चालली आहेत.

ही कोरी बाजू भरून काढण्याचे शास्त्र उपलब्ध आहे. ‘जीवनचक्र मूल्यमापन’ या नावाने ते ओळखले जाते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १४०४० व १४०४४ या क्रमांकांच्या मानकांत २००६ साली त्याच्या पद्धतीला आजचे रूप दिले, आणि ती इमारतींना कशी लावावी याचा तपशील युरोपीय मानकाने २०११ साली ठरविला. खाणीतून कच्चा माल निघून कारखान्यात त्याचे साहित्य होईपर्यंतचा पहिला टप्पा. ते साहित्य जागेवर आणून बांधकाम करण्याचा दुसरा. वापर, डागडुजी आणि त्या काळात लागणारी वीज व पाणी यांचा तिसरा. पाडकाम आणि राडारोड्याची विल्हेवाट यांचा चौथा. पुढे दुसऱ्या इमारतीच्या उपयोगी पडणाऱ्या साहित्याचे श्रेय मूळ बेरजेत न मिसळता निराळे दाखवावे लागते. अखेर एका चौरस मीटरला एका वर्षात किती भार पडला, असा भाग लावला जातो. या भागाकारातील छेदाकडे, म्हणजे वर्षांच्या संख्येकडे, वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. माझ्या प्रतिपादनाचा सारा भर त्यावरच आहे.

प्रथम पहिल्या टप्प्याचा विचार करू, कारण सामान्य माणसाच्या दृष्टीआड जे घडते ते मुख्यतः तेथेच घडते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना-राजुरा भागात जमिनीखाली चुनखडी आहे आणि जवळच दगडी कोळसाही आहे, म्हणून गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. तेथील फिरत्या भट्टीत चुनखडी व मातीचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. भट्टीसाठी जळणारा कोळसा कर्बवायू सोडतो हे कोणालाही कळेल. परंतु चुनखडीच्या दगडातच कर्बवायू बांधलेला असतो आणि उष्णतेने तो सुटा होतो, ही गोष्ट फारशी ध्यानात येत नाही. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली, तर तिच्यातून ५६ किलो चुना मिळतो आणि उरलेले ४४ किलो कर्बवायूच्या रूपाने आकाशात जातात. उद्या ही भट्टी निव्वळ सूर्याच्या उष्णतेवर चालविली, तरीही हे ४४ किलो चुकणार नाहीत. राख, पोलादाच्या भट्टीतील मळी किंवा भाजलेली चिकणमाती मिसळून सिमेंटातील या भाजलेल्या दगडाचा वाटा कमी करता येतो, आणि तो करावाच. तथापि तो शून्यावर आणता येत नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वेंकटराम रेड्डी आणि जगदीश या दोन अभ्यासकांनी २००३ साली आपल्या देशातील बांधकामसाहित्याच्या ऊर्जेचे आकडे प्रसिद्ध केले; ते आजही मननीय आहेत. एक किलो सिमेंटामागे ५.८५ मेगाज्यूल, एक किलो पोलादामागे ४२ मेगाज्यूल आणि एक किलो ॲल्युमिनियममागे सुमारे २३७ मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते, असे त्यांनी दाखविले. त्यांनी मोजलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या बहुमजली इमारतीत एका चौरस मीटरला ४.२१ गिगाज्यूल ऊर्जा साहित्याच्या रूपाने गोठलेली होती. विटांच्या भारवाही भिंतींच्या दुमजली घरात ती २.९२ भरली, आणि सिमेंटने स्थिर केलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या घरात केवळ १.६१.

हे आकडे घरगुती परिमाणात आणून पाहावेत. सत्तर चौरस मीटरच्या सदनिकेत वरील हिशेबाने सुमारे २९५ गिगाज्यूल ऊर्जा गोठलेली असते. महिन्याला २०० युनिट वीज जाळणारे एखादे मध्यमवर्गीय कुटुंब घेतले आणि कोळशाच्या वीजकेंद्रात एका युनिटासाठी सुमारे साडेदहा मेगाज्यूल उष्णता लागते हे धरले, तर त्या कुटुंबाची अकरा-बारा वर्षांची वीज, किल्ली हातात पडण्यापूर्वीच, त्या भिंतींत आणि स्लॅबमध्ये खर्च झालेली असते. दिवा मालवून आपण जी काटकसर करतो ती योग्यच आहे. परंतु बिलावर दिसणारी ऊर्जा जपायची आणि भिंतीत गाडलेली ऊर्जा राडारोड्याबरोबर फेकून द्यायची, ही काटकसर नव्हे.

आता त्या छेदाकडे वळू. ४.२१ गिगाज्यूल ऊर्जेची इमारत पस्तीस वर्षांनी पाडली, तर साहित्याचा भार दर चौरस मीटरला दर वर्षी १२० मेगाज्यूल पडतो. तीच शंभर वर्षे टिकली तर ४२. मधल्या डागडुजीचा खर्च यात मिळवावा लागेल हे खरे. तरी तो मिळवूनही जी तफावत उरते, ती केवळ नवीन साहित्याने किंवा ‘हरित’ प्रमाणपत्राने साधणे कठीण आहे. यास्तव दीर्घायुष्य हा वास्तूचा पर्यावरणदृष्ट्या प्रथम गुण मानला पाहिजे. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधविला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला व तो पुन्हा उभा केला गेला. पुढे नगरपालिकेची कचेरीही तेथे नांदली. राज्य बदलले, उपयोग बदलला, परंतु सागवानाचे तेच खांब आपला भार वाहत राहिले.

जुन्या वाड्यांच्या बांधणीत आणखी एक गुण होता. असा वाडा उतरविताना कौले, कड्या, पाट, तुळया, चौकटी ही सामग्री एकेक करून सुटी होत असे आणि विकत घेणारा ती दुसऱ्या घराला लावीत असे. भिंतीची माती मातीत मिसळत असे. याच्या शेजारी आजचे पाडकाम ठेवून पाहावे. प्रथम खिडक्या, ग्रिल, नळ आणि वायरी भंगारात जातात. मग पोकलेनला लावलेला ब्रेकर स्लॅबवर आदळू लागतो. काँक्रीट फुटून मोकळ्या झालेल्या सळ्या मजूर ओढून काढतात. आणि उरलेला सारा ढिगारा डंपरमध्ये भरून गावाबाहेर नेला जातो. यातले पोलाद पुन्हा वितळते, परंतु ज्या सिमेंटासाठी तो दगड जाळला त्याची खडी-भरावापलीकडे गती नाही, आणि पुष्कळदा ती गतीही न लाभता ते ओढ्या-नाल्यांच्या काठी पडते.

मग काँक्रीट अल्पायुषी असते काय? मुळीच नाही, त्याला अल्पायुषी आपण करतो. सळीभोवतीचे काँक्रीट दाट व अल्कधर्मी असेल तोवर तिला गंज चढत नाही. पाणी अधिक घातलेले, नीट न मुरलेले काँक्रीट सच्छिद्र राहते. त्यातून हवेतील कर्बवायू व ओलावा आत शिरतो, सळी गंजते, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि वरचा थर फुटून खाली पडतो. याला उपाय आहेत ते अगदी साधे: सळीखाली ठरलेल्या जाडीचे कव्हर ब्लॉक ठेवणे, मिश्रणात पाणी मोजून घालणे, स्लॅबवर वाफे करून किमान सात दिवस पाणी कोंडणे, आणि पुढे गळकी मोरी महिनोन् महिने तशीच न ठेवणे. स्लॅबवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणाऱ्या मजुराच्या कामाला बांधकामाच्या अंदाजपत्रकात नगण्य रक्कम धरलेली असते. वास्तविक त्या कामाने इमारतीच्या आयुष्यात दशकांची भर पडते, आणि दशकांची भर म्हणजे चंद्रपूरच्या एका टेकडीची बचत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे पिढ्यान् पिढ्या कुटुंबांनी १६० चौरस फुटांच्या खोलीत आणि सामाईक संडासांवर दिवस काढले. त्यांनी मोकळे घर मागितले तर त्यांना कर्बवायूचा हिशेब ऐकविणे हा निव्वळ निर्दयपणा होईल. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे, आणि माणसाला माणसासारखे घर मिळालेच पाहिजे. जमाखर्चात ही जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहावी. परंतु पुण्या-मुंबईत आज पाडल्या जाणाऱ्या कितीतरी सोसायट्या तीस-चाळीस वर्षांच्या, दुरुस्तीने सहज सावरणाऱ्या आहेत. त्या पडतात त्या त्यांचे खांब खचले म्हणून नव्हे, तर वाढीव एफएसआयमुळे जमिनीची किंमत त्यांच्यापेक्षा मोठी झाली म्हणून. या दोन प्रकरणांत भेद करता यावा, एवढ्यासाठीच पुरा हिशेब हवा.

आपल्या कायद्यांची रचना मात्र हा भेद करू देत नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणीय मंजुरी लागते. २००७ च्या ऊर्जा संवर्धन संहितेने इमारत वापरताना लागणाऱ्या विजेचा विचार केला. २०१६ च्या नियमांनी राडारोडा कोठे न्यावा ते सांगितले. प्रत्येक हुकूम आपापल्या टप्प्यापुरता शहाणा आहे, पण जन्मापासून अंतापर्यंतची बेरीज मागणारा हुकूम त्यांत नाही. डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून नव्या इमारतींना जीवनचक्राचा हिशेब सक्तीचा केला आणि १,००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींना पन्नास वर्षांच्या मुदतीवर दर चौरस मीटरला दर वर्षी १२ किलो कर्बवायूची मर्यादा घातली. पुढे ती आणखी कडक केली. त्यांचा आकडा उचलून येथे लावावा असे मी म्हणत नाही, कारण त्यांची थंडी व आपला उन्हाळा, त्यांची सुबत्ता व आपली घरांची निकड निराळी आहे. त्यांची हिशेबाची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

माझी मागणी लहान आहे. नवीन बांधकामाच्या दरखास्तीबरोबर जसे नकाशे जोडतात, तसा पाडकामाच्या दरखास्तीबरोबर एक तक्ता सक्तीने जोडला जावा: या इमारतीचे वय काय, तिच्यात किती साहित्य आहे, दुरुस्तीने ती आणखी किती वर्षे टिकेल, पाडल्यास त्यातले काय पुन्हा वापरले जाईल, आणि नव्या इमारतीचा वार्षिक भार जुनीच्या दुरुस्त रूपाहून किती कमी वा अधिक असेल. तो तक्ता सभासदांपुढे सर्वसाधारण सभेत वाचला जावा व महापालिकेने तो जाहीर करावा. निर्णय सभासदांचाच राहो. मात्र तो अर्ध्या वहीवर घेतला जाऊ नये. जो समाज आपल्या घरांची संपूर्ण किंमत वाचून मग ती बांधील, तो घरे कमी बांधील असे नाही. तो ती अधिक नीट बांधील, अधिक काळ सांभाळील, आणि पाडण्यापूर्वी दुरुस्तीचा अंदाज मागवील.