पावसाळे किती पाहिले

एखाद्या मोठ्या पदासाठी तुलनेने अननुभवी माणूस उमेदवार म्हणून पुढे आला, की पहिला आक्षेप बहुधा त्याच्या मतांवर किंवा चारित्र्यावर घेतला जात नाही, त्याच्या वर्षांवर घेतला जातो, आणि मराठीत हा आक्षेप ‘आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत’ या शब्दांत सहज बोलला जातो. या बोलण्यात एक साखळी गृहीत धरलेली असते: काळ लोटला की अनुभव येतो, अनुभव आला की शहाणपण येते आणि शहाणपण आले की अधिकार येतो. अध्यक्षपदी कोणाला बसवावे हा प्रश्न वरवर राजकारणाचा दिसत असला, तरी ही साखळी कडी-कडीने तपासायला घेतली म्हणजे त्याच्या मुळाशी असलेला ‘अधिकार कशाने येतो’ हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न समोर येतो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

नागपूरने हा प्रश्न १९५९ साली फार जवळून पाहिला. त्या जानेवारीत काँग्रेसचे ६४ वे अधिवेशन बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकरांचे नाव दिलेल्या अभ्यंकरनगरात भरले, उछंगराय ढेबर तेव्हा अध्यक्ष होते, सहकारी संयुक्त शेतीचा बहुचर्चित ठराव तिथेच संमत झाला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारीत, ढेबरांच्या जागी इंदिरा गांधी अध्यक्ष झाल्या. त्यांचे वय तेव्हा ४१ होते. केवळ वयाचा विचार केला तर यात नवल काहीच नव्हते, कारण गोपाळ कृष्ण गोखले १९०५ मध्ये ३९ व्या वर्षी आणि जवाहरलाल नेहरू १९२९ मध्ये ४० व्या वर्षी याच पदावर आले होते. परंतु गोखल्यांच्या पाठीशी कायदेमंडळातील काम होते आणि नेहरूंच्या पाठीशी अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद व पक्षाचे सरचिटणीसपद होते. इंदिरा गांधी १९५५ पासून कार्यकारिणीत असल्या, तरी त्या तोवर कोणत्याही विधिमंडळाच्या वा संसदेच्या सदस्य नव्हत्या, मंत्रिपद त्यांच्यापासून अजून पाच वर्षे दूर होते, आणि त्या पंतप्रधानांच्या कन्या असल्यामुळे त्यांच्या गुणांचे स्वतंत्र मोजमाप करणेही अवघड होते. घराण्याचा आधार हा उमेदवाराचा गुण धरता येत नाही, हे इथे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण तो आधार वजा केल्यावर काय उरते, हे पाहण्याचे कष्टही घेतले पाहिजेत.

त्यासाठी ‘अनुभव’ हा शब्दच आधी नीट पारखावा लागतो. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्रात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा दिला जाणारा लहानसा ग्रंथ. त्यात ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत, स्मृती आणि अनुभव. मागे होऊन गेलेल्या ज्ञानाचा मनावर जो ठसा उरतो त्याला संस्कार म्हणतात, केवळ त्या संस्कारातून उपजते ते ज्ञान म्हणजे स्मृती, आणि स्मृतीहून वेगळे असलेले सर्व ज्ञान म्हणजे अनुभव. या व्याख्येने पाहिले तर व्यवहारात ज्याला ‘दांडगा अनुभव’ म्हटले जाते ती शास्त्राच्या भाषेत मुख्यतः स्मृती ठरते: पूर्वी काय घडले, कोण कसा वागला, कोणता उपाय लागू पडला, यांचा साठा. हा साठा मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु समोर उभी राहिलेली नवी परिस्थिती आहे तशी पाहणे ही क्रिया त्याहून निराळी आहे, आणि साठा जितका मोठा तितके हे पाहणे अधिक स्वच्छ, असा नियम न्यायशास्त्राने कोठेही सांगितलेला नाही.

उलट त्याच ग्रंथात अनुभवाचेही यथार्थ आणि अयथार्थ असे दोन भाग केलेले आहेत, आणि अयथार्थ अनुभवाच्या तीन प्रकारांपैकी संशय आणि विपर्यय हे दोन इथे महत्त्वाचे आहेत. एकाच वस्तूविषयी परस्परविरोधी कल्पना मनात असणे म्हणजे संशय. एक वस्तू दुसरीच आहे असे निश्चयाने वाटणे म्हणजे विपर्यय. अंधारात पडलेल्या दोरीला पाहून ‘ही दोरी की साप’ असे वाटते तेव्हा माणूस दिवा आणतो, पण ‘साप आहे’ असा निश्चय झाला तर तो काठी उगारतो. आणि हा निश्चय पुष्कळदा पूर्वी पाहिलेल्या सापांच्या आठवणीमुळेच होतो. गौतमाच्या न्यायसूत्रांनी संशयाला सोळा पदार्थांमध्ये, म्हणजे विचारासाठी जाणून घ्यावयाच्या सोळा विषयांमध्ये, मानाचे स्थान दिले आहे, कारण संशय नसेल तर परीक्षा सुरूच होत नाही. अननुभवी उमेदवाराचे खरे बळ शोधायचे ते इथे: त्याचे अज्ञान संशयाच्या रूपात असते, त्याला विचारता येते, आणि जुन्या निर्णयांची प्रतिष्ठा सांभाळण्याचे ओझे त्याच्यावर नसते.

द्वैभाषिक मुंबई राज्याच्या बाबतीत हे बळ दिसून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून ते राज्य बनवले गेले तेव्हा निर्णय घेणारे सगळे मुरलेले नेते होते. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिल्यावरही त्यांतील अनेकांना आपला निर्णय चुकला हे मान्य करणे जड जात होते. नव्या अध्यक्षांचा त्या निर्णयात मान-अपमान गुंतलेला नव्हता. राज्याच्या विभाजनाचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा यासाठी त्यांनी पदाचे वजन खर्च केले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. नागपुरात या घटनेचा आनंद निर्भेळ नव्हता, कारण १९५६ मध्ये राजधानीचा दर्जा गमावलेल्या या शहराला फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती याची आठवण होती, आणि ती आजही पुसलेली नाही. तरीही झालेली चूक उघड्या डोळ्यांनी पाहण्याची ताकद ज्येष्ठांपेक्षा नवख्या व्यक्तीत अधिक असू शकते, एवढे या उदाहरणावरून नक्की म्हणता येते.

आणखी एक गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही. इंदिरा गांधींचा १९४२ च्या आंदोलनातील नैनीचा तुरुंगवास, फाळणीच्या काळात दिल्लीच्या दंगलग्रस्त वस्त्यांतील काम, आणि पंतप्रधानांच्या निवासस्थानी, तीन मूर्ती भवनात, वर्षानुवर्षे देशोदेशींच्या पाहुण्यांची उठबस करताना कानावर पडलेली राजकारणाची बोलणी, हे सर्व कोणत्याही पदाच्या नावाखाली नोंदले गेलेले नव्हते. स्त्रियांचा अनुभव बहुतेक वेळा असाच नोंदीबाहेर राहतो, आणि मग ‘अननुभवी’ हे विशेषण माणसाचे वर्णन करते की नोंदवहीचे, हा प्रश्न उरतो.

पावसाळे मोजण्याची रीत शब्दशः पाळणारी परंपरा म्हणजे बौद्ध भिक्खुसंघ. तिथे भिक्खूची ज्येष्ठता जन्मतारखेवरून ठरत नाही. उपसंपदा, म्हणजे संघातील पूर्ण दीक्षा, घेतल्यापासून त्याने किती वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी केलेले मुक्काम, पूर्ण केले यावरून ती ठरते. विनयपिटकाच्या महावग्गात या रीतीचा जो इतिहास दिला आहे तो फार बोलका आहे. अगदी नवख्या भिक्खूंनी शिष्य करण्यास सुरुवात केली तेव्हा बुद्धांनी त्यांचा निषेध केला आणि उपाध्याय होण्यासाठी दहा वर्षावासांची अट घातली. त्यानंतर ‘आमचे दहा पूर्ण झाले’ एवढ्याच आधारावर अजाण भिक्खू गुरू होऊ लागले आणि शिष्य त्यांच्याहून शहाणे दिसू लागले, तेव्हा ती अट दुरुस्त करून दहा वर्षांच्या जोडीला विद्वत्ता आणि सामर्थ्यही आवश्यक ठरवण्यात आले. काळाची अट रद्द झाली नाही, पण ती एकटी पुरत नाही हे मान्य झाले; अडीच हजार वर्षांच्या संस्थात्मक शहाणपणात याहून प्रामाणिक दुरुस्ती क्वचितच सापडेल.

या तत्त्वाचा नागपुरातला साक्षात्कार १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाला. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर, जिथे आज दीक्षाभूमीचा स्तूप उभा आहे, पांढरे धोतर आणि पांढरा कोट घातलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्नी माईसाहेबांसह हात जोडून वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, आणि लगेच, त्याच व्यासपीठावरून, समोर उभ्या असलेल्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. ज्येष्ठतेच्या मोजपट्टीवर त्या क्षणी त्यांच्या नावावर एकही पावसाळा नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेपासून तोवर उलटलेली एकवीस वर्षे मात्र त्यांनी धर्म म्हणजे काय हे तपासण्यात घालवली होती, ग्रंथ धुंडाळले होते, पर्याय पारखले होते, आणि तो अधिकार त्या परीक्षेतून आलेला होता. परंपरेचा धागा त्यांनी वृद्ध भिक्खूच्या हातून घेतला आणि तो पुढे देण्याचे सामर्थ्य स्वतःच्या शोधातून मिळवले. काळाचे आणि सामर्थ्याचे नाते इतक्या थोड्या मिनिटांत इतके स्पष्ट दिसल्याचे उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

नवख्याचे बळ मान्य केल्यावर त्याला मोकळे सोडावे का, याचेही उत्तर विनयाने दिलेले आहे. नव्या भिक्खूने जाणत्या गुरूच्या आश्रयाने राहावे, या व्यवस्थेला ‘निस्सय’ म्हणतात. जो समर्थ आहे त्याने पाच वर्षे आश्रयाने राहावे आणि जो असमर्थ आहे त्याने आयुष्यभर राहावे, असा नियम आहे. निस्सय म्हणजे मुकाट आज्ञापालन नव्हे, कारण उपाध्यायाच्या मनात विपरीत दृष्टी शिरली तर ती दूर करण्याचा प्रयत्न करणे हे शिष्याचे कर्तव्य मानलेले आहे, आणि शिष्याच्या बाबतीत तेच कर्तव्य उपाध्यायाचे. अननुभवी उमेदवार पारखताना त्याच्याभोवती असे परस्परांना अडवू शकणारे नाते आहे काय, हे पाहणे म्हणूनच त्याची पदे मोजण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

असे अडवणारे नाते दुबळे पडले की काय होते, हे इंदिरा गांधींच्याच कारकिर्दीत दिसले. १९५९ च्या उन्हाळ्यात केरळमध्ये नंबुद्रिपादांच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध शिक्षण विधेयकावरून आंदोलन पेटले, तेव्हा काँग्रेसच्या नव्या अध्यक्षांनी सरकार बरखास्त करण्याची बाजू जोराने मांडली, आणि ३१ जुलै रोजी राज्यघटनेच्या कलम ३५६ खाली लोकांनी निवडून दिलेले ते सरकार गेले. मुंबई राज्याच्या प्रश्नात ज्या व्यक्तीने दिवा आणण्याचा आग्रह धरला तिनेच इथे काठी उगारली. रस्त्यावरच्या संतापालाच तिने जनतेचा कौल मानले. त्या वेळी बरखास्तीविषयीचा संशय एकोणसत्तर वर्षांच्या पंतप्रधानांच्या मनात होता, निश्चय एक्केचाळीस वर्षांच्या अध्यक्षांच्या मनात होता, आणि ज्याच्या मनात संशय होता त्यानेच माघार घेतली.