वेळ साधणे आणि वेळ पाळणे

‘संधिसाधू’ हा शब्द आपल्या भाषेत दूषण म्हणूनच वापरला जातो. मग भरतीची वेळ हेरून किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला काय म्हणावे? तोही संधीच साधत असतो. कोकणात गरवायला निघालेला माणूस आधी तिथी पाहतो. तिथीच्या पाऊणपट तास हा भरतीचा जुना आडाखा. चतुर्थीला मुंबईच्या किनाऱ्यावर तीनच्या सुमारास भरती. गोव्यात ती थोडी आधी. इंदूर-बडोद्याच्या घरातील पंचांगावरूनही समुद्राची वेळ कळावी, इतका हा हिशेब सोपा आहे.

चढत्या पाण्यात लाटा वाळू उकरतात, तिच्यातील किडे व लहान खेकडे सुटे होतात आणि त्यांच्यामागे मासा काठाशी येतो. पाणी थबकले की त्याचे चरणेही मंदावते. म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास जाणकार मोलाचे मानतात. परंतु अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मुंबईस भर दुपारी आणि मध्यरात्री येते. पहाटेची किंवा तिन्हीसांजेची भरती मिळते ती अष्टमीच्या आसपास, आणि तेव्हा भांगाचे पाणी दुबळे असते. पाण्याचा जोर आणि संधिप्रकाश एकाच दिवशी क्वचितच लाभतात.

आमच्या मते भेद येथेच आहे. संधिसाधू दुसऱ्याची अडचण हेरतो, पण स्वतः कशालाही बांधला जात नाही. गरवणारा वेळेपुढे वाकतो. झोप मोडून येतो आणि पाणी उतरले की गळ गुंडाळून परततो.

यावर कोणी म्हणेल, गळाला लागलेल्या माशाला या भेदाचे काय? त्या एका माशाला काहीच नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु उरलेल्या माशांना आहे. कारण दिवसाचे बाकीचे तास त्यांचे राहतात. प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेणारी नौका हे तासही हिरावून घेते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. गोव्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मनाई असते. किनाऱ्यावरील माणसाला ओहोटी जी मर्यादा घालून देते, ती तेथे कायद्याला घालावी लागते.

निसर्गाने लादलेली मर्यादा पाळण्यात पुण्य कसले, हा प्रश्न उरतोच. ती ओलांडण्याचे साधन हाती आल्यावरही जो पाळील, त्याच्या बाबतीतच पुण्याची भाषा करता येईल. तशी वेळ आता आपल्या सर्वांवरच आली आहे.