पाणी पोचलं का?

बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजात लग्नाआधी मेंदी लागतेच. कोकण सोडून इस्राएलला गेल्याला दोन-तीन पिढ्या झाल्या, लॉडला नाहीतर दिमोनाला घर झालं, मराठी आजीच्या तोंडापुरती उरली, तरी मेंदी काही सुटली नाही. फरक पडला तो इतकाच, की आता त्या रात्री नवरीच्या हातावर मेंदी असते आणि डोळ्यांवर नकली पापण्याही. लग्नाआधी तिला मिकवेत, म्हणजे यहुद्यांच्या शुद्धिस्नानाच्या कुंडात, उतरायचं असतं. तिथे एक प्रश्न उभा राहतो. हातावरचा रंग चालतो. मग पापणीच्या मुळाशी राहिलेला डिंक का चालत नाही?

मिकवे म्हणजे अंघोळीची जागा नव्हे. अंघोळ आधीच उरकायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग कुंडात उतरायचं. पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं, ‘सआ’ या जुन्या यहुदी मापाने निदान चाळीस. बुडी अशी, की एकही केस पाण्याबाहेर राहता कामा नये आणि पाणी व शरीर यांच्यामध्ये काहीही नको. या मध्ये येणाऱ्या गोष्टीला हिब्रूत ‘हत्सित्सा’ म्हणतात. मराठीत त्याला ‘आडपडदा’ हा शब्द चपखल बसतो.

इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, या आडपडद्यांची यादीच आहे आणि ती वाचताना हसू येईल इतकी ती घरगुती आहे. जखमेवरची खपली, अंगावर वाळलेला चिखल, डोळ्यांची चिपडं. त्यातही बारकावा असा, की डोळ्याच्या आतलं चिपड चालतं, बाहेर आलेलं चालत नाही. पुढे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथाने, तालमुदाने, काजळाचा निकालही त्याच धर्तीवर लावला: डोळ्यातलं काजळ आड येत नाही, डोळ्यावरचं येतं, मात्र जिच्या पापण्यांची सतत उघडझाप होते, तिला बाहेरच्या काजळाचीही सूट. पापणीच्या काठावर इतका वेळ रेंगाळलेले धर्मपंडित विरळाच.

पण खरी गंमत पुढे आहे. आडपडदा कशाला म्हणायचं हे निव्वळ वस्तूवर ठरत नाही. दोन गोष्टी पाहतात: त्या वस्तूने शरीराचा किती भाग झाकलाय, आणि ती त्या व्यक्तीला खटकते का. बहुतेक अंग झाकणारी आणि खटकणारी वस्तू असेल, तर स्नान मूळ धर्मशास्त्रानुसारच बाद. दोन्हींपैकी एकच लागू असेल, तरी नंतरच्या पंडितांच्या नियमाने बाद. वस्तू थोडीशी आणि तिचं काहीच वाटत नसेल, तर ती जणू अंगाचाच भाग. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या संहितेत खाटकाचा धंदा करणाऱ्या बाईच्या हातावरचं रक्त आड येत नाही असं म्हटलंय, कारण त्या धंद्यातल्या बायकांना ते खटकत नाही. शोभेसाठी हातातोंडाला लावलेला रंगही चालतो, कारण तो हवासा आहे आणि त्याला वेगळा थर नाही. मेंदी सुटली ती इथे.

म्हणजे मळ कुठला आणि दागिना कुठला, हे हातात धरून सांगता येत नाही. त्यासाठी मनाला विचारावं लागतं. आपल्याकडच्या सोवळ्याला हे तर्कशास्त्र जरा नवलाचं वाटेल. सोवळ्यात शिवलं की शिवलं. शिवणाऱ्याला काय वाटलं, हे कुणी विचारत नाही.

आता नकली पापण्या. पट्टीच्या पापण्या एका रात्रीपुरत्या, त्यामुळे त्या काढायच्याच, वाद नाही. आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या एक्स्टेन्शनवर मात्र रब्बींचं, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचं, एकमत नाही. काहींच्या मते जी वस्तू बाईला हवी आहे आणि जी ती मुद्दाम ठेवते, ती शरीराचीच झाली. काहींच्या मते पुढेमागे काढायचीच असलेली वस्तू परकीच. पट्टी निघाल्यावर मागे राहणारे डिंकाचे पांढुरके कण मात्र कुणाच्याच बाजूचे नाहीत. ते कुणालाच नको असतात, आरशात पाहताना बोट आपोआप तिथे जातं. खटकणं म्हणतात ते हेच.

आणि घोळ तिथेच होतो. शास्त्राच्या धाकाने कुणी नखाने खरवडू लागलं, तर डिंकाबरोबर खऱ्या पापण्याही हातात येतात, आणि त्या पुन्हा पुरत्या वाढायला आठवडे, कधी महिने लागतात. वास्तविक युक्ती घाई न करण्याची आहे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायची. हात धुवायचे. कापसाच्या चकतीवर डोळ्यांसाठीचा तेलकट मेकअप रिमूव्हर घेऊन ती मिटलेल्या पापणीवर मिनिटभर नुसती ठेवायची, घासायची नाही. डिंक सैल पडला की पट्टी बाहेरच्या कोपऱ्यातून नाकाकडे हलकेच सोडवायची. ओढ बसली, तर पुन्हा चकती. उरलेले कण ओल्या इअरबडने पापणीच्या वाढीच्या दिशेने टिपायचे आणि तेलाचा ओशटपणा सौम्य फेसवॉशने धुवायचा. एक्स्टेन्शनचा सायनोॲक्रिलेट डिंक या उपायाला दाद देत नाही. तो बसवणाऱ्या जाणकाराकडूनच काढवावा, नेलपेंटचा ॲसिटोन डोळ्याजवळ नेऊ नये. पापण्याच एकमेकींना चिकटल्या, डोळा लाल झाला, नजर धूसर झाली, तर थेट डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. (कोकणात बेने इस्राएलांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. तेल इतक्या वळणांनी पुन्हा पापणीपर्यंत येईल, असं कुणाला वाटलं असतं?)

जुन्या पंडितांनाही साधनाची काळजी होतीच. बाईने स्नानाआधी केस कशाने धुवावेत याची चर्चा तालमुदात आहे. नॅट्रॉन, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखा खार, वापरू नये, कारण त्याने केस तुटतात. कोमट पाणी बरं. आडपडदा घालवायचा, पण ज्या अंगासाठी तो घालवायचा त्याची नासधूस करून नव्हे.

इस्लाममध्ये हाच प्रश्न दिवसातून पाच वेळा येतो. वजूमध्ये, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यात, काय धुवायचं ते कुराणाच्या पाचव्या सूरेतल्या सहाव्या आयतीत आहे, आणि चेहऱ्याच्या कातडीपर्यंत पाणी पोचायला हवं. म्हणून नेलपेंटचा थर आड येतो, मेंदीचा रंग येत नाही, आणि वाळलेला डिंक नेलपेंटच्या पंक्तीला बसतो. पण सवलतही आहे. जखमेच्या पट्टीवरून ओला हात फिरवला तरी चालतो; वजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवरूनही चालतो, मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन. पट्टी आणि मोजा गरजेपोटी आले, नकली पापणी हौसेपोटी, हा भेद इथे केला जातो. यहुदी शास्त्र जिथे ‘खटकतं का’ विचारतं, तिथे हे शास्त्र ‘अडलंय का’ विचारतं. पापणीच्या काठावरचा तो कण दोन्ही परीक्षांत नापास.

मिकवेच्या कडेला देखरेखीला एक बाई असते. ती पाठीला चिकटलेला केस उचलते, नखं पाहते, डोळे मिटायला सांगून पापण्यांवरून नजर फिरवते. मग नवरी पायऱ्या उतरते, छातीपर्यंत पाणी येतं, एक बुडी. मेंदीचे हात पाण्याखाली तांबडे दिसतात. डोकं वर आलं की कडेवरून आवाज येतो: ‘काशेर.’ म्हणजे चाललं.